तिल्काने धुतलेलं घरटं

मी एक घरटं बोलतंय. पक्ष्याचं नव्हे, उंदराचं. पक्ष्याच्या घरट्याचं सगळीकडे कौतुक होतं, आमच्या वाट्याला येतो तो केरसुणीचा फटका. तुम्हाला आताच नाक मुरडावंसं वाटत असेल तर खुशाल मुरडा. पण एका म्हाताऱ्याने अंथरुणातून उठायचं की कायमचं तिथेच राहायचं, हे एकदा माझ्या वासावर येऊन ठेपलं होतं. ती गोष्ट तेवढी ऐका.

माझा जन्म लोवरो नावाच्या त्या म्हाताऱ्याच्या गवताच्या माळ्यावर झाला, त्याच्याच एका जुन्या लोकरी बुटात. शेतातली एक उंदरीण दिवस भरत आल्यावर घाईघाईने तिथे शिरली. तिने वाळलेलं गवत दातांनी बारीक कातरलं, छपराच्या सावलीतल्या बाजूचं शेवाळ खरवडून आणलं, कुंपणाच्या तारेला अडकलेली मेंढीची लोकर ओढून आणली आणि हे सगळं कालवून मला गोल केलं. मग पिल्लं झाली. पिल्लांनी माझ्यात जे जे करायचं ते ते केलं. त्याचाच माझ्या अंगाला वास लागला, आणि पुढचं सगळं रामायण त्या वासावरून झालं.

पिल्लं मोठी होऊन पांगली, उंदरीणही गेली. पानगळ सुरू झाली तेव्हा लोवरो माळा आवरायला आला. त्याने बूट उचलला, आत नाक घातलं आणि डोळे मिटून घेतले. ताज्या पावाचा वासही लोक इतक्या प्रेमाने घेत नाहीत. मी तर लाजलंच.

त्याचं असं होतं की लोवरोला भुंग्यांचा नाद. ते थंड प्रदेशातले, अंगावर फरचा कोट घातल्यासारखे दिसणारे गुबगुबीत भुंगे. आमच्या डोंगरपायथ्याच्या गावात घरोघरी मधमाश्या पाळतात. लोवरो म्हणायचा, मधमाश्या म्हणजे कचेरीतले कारकून, भुंगे म्हणजे घरी आलेले पाहुणे. तो लहान असल्यापासून त्याच्या खिडकीखाली भुंग्यांची लाकडी पेटी होती. भुंग्यांची राणी हिवाळाभर मातीत एकटी झोपते आणि ऊन तापू लागलं की उठून घर शोधते. बाई स्वतः काही बांधत नाही. उंदराने सोडलेलं तयार बिऱ्हाड तिला हवं असतं, आणि ते ती वासावरून ओळखते. म्हणून लोवरोने मला बुटासकट पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलं, बायकोच्या नजरेपासून लांब.

त्याची बायको तिल्का. गावातली सगळ्यात स्वच्छ बाई. दारात चपला बदलल्याशिवाय तिने देवदूतालाही आत घेतलं नसतं. "आमच्याकडे उंदीर नाहीत," हे ती चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. मी डब्यात बसून ऐकायचं आणि गप्प राहायचं.

मग हिवाळ्यात लोवरो अंगणातल्या बर्फावरून घसरला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं. मन काही जुळेना. पोलोना नावाची नर्स घरी यायची, वॉकर पुढे करायची आणि सांगायची, रोज चार पावलं टाक. लोवरो म्हणायचा, "उद्या." तिल्काने रागावून पाहिलं, रडून पाहिलं, त्याच्या आवडीची कुट्टूच्या पिठाची उकड वर खमंग चरबी घालून पुढे ठेवली. तो अर्धी खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

उतारावर रानफुलं दिसू लागली तेव्हा तो आपणहून एकच वाक्य बोलला. पेटीत राणी आली तर बाहेर येऊन बघेन म्हणाला.

तिल्काने ते वाक्य घट्ट धरलं. आजवर तिने त्या पेटीला हात लावला नव्हता, पण आता तिने खुर्ची ओढली आणि काय काय करायचं ते त्याला विचारून घेतलं. शेवाळ खडखडीत वाळवून हातावर चोळायचं. गवत बोटभर कापायचं. लांब धागा एकही ठेवायचा नाही, भुंग्यांचे पाय अडकतात. आणि मधोमध बुटातलं घरटं ठेवायचं. ते धुऊ नकोस, एवढं सांगायचं लोवरोच्या डोक्यातच आलं नाही. घरटं कुणी धुतं का?

तिल्काने शेवाळ चाळणीतून काढलं. गवत शिवणाच्या कात्रीने असं कापलं की एक काडी दुसरीपेक्षा लांब नाही. मग तिने डबा उघडला, नाकाला रुमाल बांधला आणि मला घेऊन थेट मोरी गाठली. कोमट पाणी, लोकरीचा साबण, खळखळून धुणं, परत परत खळखळून धुणं. मला उशीच्या अभ्र्यात भरून दोरीवर वाळत टाकलं, नंतर चक्क विंचरलं, आणि शेवटी माझ्या पोटात लव्हेंडरची काडी खोवली. ते तिने मनापासून, नवऱ्यासाठी केलं होतं. पण माझं जे काही होतं ते सांडपाण्याबरोबर वाहून गेलं.

राण्या आल्या. पहिली घूं घूं करत दारातून आत शिरली, एक फेरी मारून निघून गेली. दुसरी उंबऱ्यावरूनच परतली. नंतर आलेल्यांनी तर लांबूनच वळण घेतलं. मी आतून ओरडत होतं, अगं मीच आहे, अस्सल आहे, पण वास नसलेल्या घरट्यावर कोण विश्वास ठेवणार?

खिडकी उघडी होती. लोवरो कान देऊन पडला होता. एका दुपारी वाऱ्याची झुळूक आत गेली आणि त्याला लव्हेंडरचा वास आला.

"तिल्का, धुतलंस का गं ते?"

"धुतलं. किती घाण होतं."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "असू दे. खिडकी लाव," आणि पुन्हा भिंतीकडे वळला. दुसऱ्या दिवशी पोलोना जाताना खिडकीखाली थांबली आणि दबक्या आवाजात तिल्काला म्हणाली की हा आणखी थोडे दिवस असाच पडून राहिला तर पायातली ताकद परत यायची नाही. "मग मी आले काय आणि न आले काय," असंही म्हणाली. पोलोना गेल्यावर तिल्काने माझ्या पेटीचं झाकण उघडलं. या वेळी नाकाला रुमाल न बांधता ती माझ्यात नाक खुपसून जुना वास शोधू लागली. मला तिचा खूप राग आला होता, तो तेव्हा गेला.

मग तिने उंदीर शोधायला घेतला. तळघर, माळा, गोठा, सगळीकडे बॅटरी घेऊन गुडघ्यांवर रांगली. मांजर बाजूला बसून बघत होतं, आपल्या पोटावर ही कधीपासून उठली म्हणून. पण चाळीस वर्षांच्या चुन्याने आणि सापळ्यांनी काम चोख केलं होतं. शेपटीसुद्धा सापडली नाही.

गावात उंदरांसाठी प्रसिद्ध घर एकच, उर्शाचं. ती प्रसिद्धीही तिल्कानेच दिलेली. काही वर्षांपूर्वी चर्चबाहेर उर्शा अक्रोडाच्या सारणाची गुंडाळी पोळी सगळ्यांना वाटत होती, तेव्हा तिल्काने चारचौघांत हात मागे घेतला होता. हिच्या पिठावरून उंदीर फिरतात म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचा अबोला होता.

तिल्काने मला टोपलीत घातलं, वर इस्त्रीचा रुमाल झाकला आणि चढ चढून गेली. उर्शा दारातच उभी होती.

"वाट चुकलीस का गं?"

"नाही. मला थोडं उंदराचं अंथरूण हवंय. लोवरोच्या पेटीसाठी."

"तुझ्याकडे नाहीत वाटतं उंदीर."

"नाहीत."

"आणि माझ्याकडे आहेत, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच सगळ्यांना सांगत फिरले."

उर्शा हसली नाही. तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. तिल्का बसली. समोर बशी आली, बशीत अक्रोडाच्या पोळीचा जाड तुकडा. मी टोपलीत, टेबलाखाली, श्वास रोखून. तिल्काने पहिला घास घेतला, मग दुसरा, मग सगळा तुकडा संपवला आणि बशीतला चुराही बोटाने टिपून खाल्ला.

"अक्रोड आधी भाजून घेतेस?" तिने विचारलं.

"थोडेसे."

"म्हणूनच. माझी अशी होत नाही."

माफी मागायची म्हणून इतकंच झालं, पण उर्शाला ते पुरलं असावं. ती उठली आणि तिल्काला कोठारात घेऊन गेली. धान्याच्या पेटीखाली उंदरांचं जुनं अंथरूण होतं. तिल्काने खिशातून हातमोजे काढले तर उर्शा म्हणाली, "ते ठेव. साबणाचा वास लागेल." मग गावातली सगळ्यात स्वच्छ बाई जमिनीवर उपडी झाली आणि उघड्या हाताने तो गोळा ओढून बाहेर काढू लागली. कुरकुरत उर्शाही शेजारी वाकली. लव्हेंडरची काडी तिनेच उपटून फेकली. दोघींनी ते अंथरूण माझ्यात असं कालवलं की मला माझी आई आठवली.

राणी लगेच नाही आली. तिल्का रोज कपडे वाळत घालायच्या निमित्ताने पेटीजवळ घुटमळायची. एका उबदार सकाळी एक जाडजूड राणी आत शिरली, नाक लावून फिरली आणि माझ्या पोटात खोल घुसली. मला इतक्या गुदगुल्या झाल्या की सांगता सोय नाही. ती बाहेर गेली आणि पायांना पिवळे पराग माखून परत आली. पराग घेऊन आली म्हणजे राहायला आली.

तिल्का धावत आत गेली. लोवरोने मान वळवली नाही. लव्हेंडरमध्ये राणी येत नसते म्हणाला.

"लव्हेंडर गेलं. मी उर्शाकडे गेले होते."

"कुठे?"

"उर्शाकडे. उंदराची घाण मागायला. तिच्या टेबलाशी बसून तिची पोळी खाल्ली आणि कोठारात पालथी पडून हाताने गोळा केली. आता तू उठणार आहेस का नाही?"

मग लोवरो हसायला लागला, खुबा दुखेपर्यंत, खोकला येईपर्यंत. पलंग करकरला.

"वॉकर दे इकडे," तो म्हणाला.

अंगणातल्या बाकापर्यंत यायला त्याला फार वेळ लागला. आल्यावर त्याने पेटीला कान लावला. तिल्का त्याला धरून उभी होती आणि रडत होती, पण तो पेटी ऐकत होता, त्याला दिसलं नाही.

आता माझी अवस्था म्हणाल तर मी निम्मंअर्धं उरलंय. राणीने माझ्या पोटात मेणाचं मडकं केलं, अंडी घातली, आता तिच्या लेकी मला इकडून तिकडे ओढत असतात. थंडी पडली की हा पसारा संपेल आणि मला बटाट्याच्या वाफ्यात टाकतील. टाकू देत. माझं काम झालं.

एक विनंती मात्र आहे. तिल्का हल्ली दुपारची उर्शाकडे जाते. ती वळणापलीकडे गेली की लोवरो, ज्याच्या हातात आता वॉकर जाऊन काठी आलीय, ती काठी माझ्या पेटीला टेकवून ठेवतो आणि रिकाम्या हातांनी अंगणात चालतो. आधी अलुबुखारच्या झाडापर्यंत जायचा, काल फाटकापर्यंत गेला. घामाघूम होऊन बाकावर बसला आणि मला म्हणाला, "रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मी तिचा हात धरणार. तिने माझा नाही."

तुमच्यापैकी कुणाला तिल्का वाटेत भेटलीच, तर रविवारपर्यंत हे तिला सांगू नका.