मुकुंदची गाडी

सेल्फचं बटन दाबलं की गाडीनं सुरू व्हावं, एवढीच रुपरावची अपेक्षा. गाडी नुसती टिकटिक करत होती. मीटरमधले आकडे एकदा उजळले आणि विझले. किक मारावी म्हटलं तर कंपनीनं या गाडीला किक दिलीच नव्हती. असल्या गाड्या काढणाऱ्यांना काय म्हणावं! रुपरावनं पुन्हा बटन दाबलं. पुन्हा टिकटिक.

आतून वच्छलाचा आवाज आला. "मुकुंद गेला नाही का गा अजून?"

मुकुंद त्यांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात कारखान्यात त्याच्या छातीत कळ आली आणि तिथंच सगळं संपलं. वच्छलानं तेव्हा रडूनरडून घर डोक्यावर घेतलं होतं. पण पुढच्या पावसाळ्यात तिचं विसरणं वाढत गेलं. आधी चहात साखर घातली की नाही ते विसरली, मग शेजारणीचं नाव, आणि एके दिवशी मुलगा गेला हेच विसरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार, हेही सांगून टाकलं.

एकदा रुपरावनं तिला खरं सांगून पाहिलं होतं. मुकुंद आजच गेला असं समजून ती रडली, तिनं उंबऱ्यावर कपाळ आपटून घेतलं, आणि संध्याकाळी विचारलं, मुकुंद आला का? त्या दिवशी रुपरावनं कानाला खडा लावला. बाईला एकच मुलगा रोज रोज मारून दाखवायचा, हे कोणत्या नवऱ्याच्यानं होईल?

मग त्यानं हा उपाय काढला. रोज सकाळी अंगणातली मुकुंदची गाडी दोन मिनिटं सुरू करायची, ॲक्सिलेटर थोडा पिळायचा आणि बंद करायची. स्वयंपाकघरात वच्छला आवाज ऐकायची, म्हणायची, "गेला वाटते डूटीवर," आणि पोटभर जेवायची. गाडी तर अंगणातच उभी असायची, पण ती तिला कधी दिसलीच नाही. मोबाइलमध्ये आवाज भरूनही रुपरावनं वाजवून पाहिला होता. तेव्हा तिनं फोनकडं बोट दाखवून सांगितलं, हा आवाज याच्यातून येऊन राहिला. अशा गोष्टी तिला बरोबर कळायच्या.

रुपराव जन्मभर एसटीत कंडक्टर. बस चालते कशी हे त्यानं कधी पाहिलं नाही, आणि मोटरसायकल तर आयुष्यात चालवली नाही. सायकल आणि एसटी, तिसरं वाहन त्याला ठाऊक नाही. आता या वयात गुडघे घेऊन कुठं शिकणार?

गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर त्या दिवशी वच्छला जेवली नाही. दुपारी चपला उलट्यासुलट्या घालून मुकुंदला शोधायला निघाली. नंदनवनच्या चौकातून रुपरावनं तिला हाताला धरून घरी आणलं. ती रस्ताभर त्याला रागावत होती की तुम्हाला पोराची काळजीच नाही. रुपरावनं वाटेत थांबून तिच्या चपला सरळ केल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकावरचा मेकॅनिक धम्मानंद आला. त्यानं बॅटरीला मीटर लावलं आणि ओशाळला. "काका, हे बॅटरी मीच बसवली होती ना दिवाळीत? मेली पुरी." त्यानं सोबत आणलेली दुसरी बॅटरी जोडून गाडी सुरू केली, ॲक्सिलेटर देऊन पुन्हा मीटर पाहिलं. "चौदा व्होल्टच्या जवळ दाखवते. म्हंजे चार्जिंग त बराबर होऊन राहिलं. वायरिंगबी ठीक आहे. मंग बॅटरी खाते कोन?"

बराच वेळ तो सीट काढून बघत बसला. मग एकदम विचारलं, "काका, तुमी रोज किती टाइम चालू ठेवता?"

"दोन मिनिटं."

"आन चालवत नाही?"

"मले येते कुठी?"

धम्मानंदनं डोकं खाजवलं. "तिथंच गडबड आहे. सेल्फ एकदा मारला का बॅटरीतून जे जाते, ते दोन मिनिटात वापस भेटत नाही. रोज थोडं थोडं कमी होते. मी पहिल्या टाइमले विचारलंच नाही तुमाले, बॅटरी बदलून मोकळा झालो. इथं उभ्या उभ्या चालू ठेवली त काही भरत नाही. रस्त्यावर अर्धा-पाऊण घंटा पळाली पाहिजे."

म्हणजे इतके दिवस गाडी जिवंत ठेवतो म्हणून रुपरावच तिचा जीव घेत होता.

त्यानं धम्मानंदला सगळं सांगितलं. कोणालाच न सांगितलेलं सांगितलं. धम्मानंदनं काढलेली सीट परत बसवली. मग म्हणाला, "काका, सकाळी मीच घेऊन जात जाईन. गॅरेज उघडायच्या आधी एक चक्कर मारतो. काकूले आवाजबी येईन, बॅटरीबी भरन."

रुपरावला वाटलं, देव काही अगदीच बहिरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मानंद हेल्मेट घालूनच आला. जोडलेल्या बॅटरीवर गाडी एका बटनात सुरू झाली. आवाज ऐकून वच्छला बाहेर आली, आणि कधी नव्हे ते गाडी फाटकातून बाहेर पडताना तिनं पाहिली. पाठमोरा माणूस, डोक्यावर हेल्मेट. तिनं पदरानं तोंड पुसलं. "पाहा, आज शहान्यासारखं हेलमेट घातलं पोरानं."

केवढी खुलली बाई! पोहे केले, रुपरावला आग्रह करून करून वाढले, तिखट जास्त झालं म्हणून स्वतःलाच हसली. रुपरावनं दोनदा घेतले. असं घर त्यानं फार दिवसांनी पाहिलं. मुकुंदचं लग्न आता करून टाकू, असं ती म्हणाली, तर त्यानं हो म्हटलं. म्हणायला काय जातं?

आनंदात दोघांही पुरुषांना एक गोष्ट सुचली नव्हती. गेलेली गाडी परत येणार होती.

पोह्यांच्या बशा घासून होतात तोच फाटकाशी गाडी थांबली. रुपराव धावला, पण वच्छला आधीच पायरीवर उभी होती. धम्मानंदनं हेल्मेट काढलं, तर समोर काकू. ती गाडीकडं बघत राहिली, मग त्याच्या तोंडाकडं.

दोन वर्षांपूर्वीही गाडी अशीच आली होती. मुकुंदचा कारखान्यातला मित्र ती चालवत घेऊन आला होता आणि खाली मान घालून फाटकाशी उभा राहिला होता. ओरखडा नाही, काही नाही. मुकुंदची बातमी या घरात गाडीवर बसूनच आली होती. सगळं विसरलेल्या बाईला नेमकं एवढं आठवलं.

"गाडी तू आनली," वच्छला म्हणाली. "म्हंजे मुकुंद गेला."

"काकू, बॅटरी आता फुल चार्ज झाली," असं काहीतरी धम्मानंद पुटपुटला आणि किल्ली कोणाच्या हातात द्यावी ते न कळून ती सीटवर ठेवली.

वच्छला पायरीवर बसली. या वेळी तिनं कपाळ आपटलं नाही. तिनं रुपरावकडं वर पाहिलं. "तुमाले मालूम होतं?"

"हो वं."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

रुपराव गुडघ्यावर हात टेकून तिच्याशेजारी बसला आणि त्या दिवशी सकाळी मुकुंद डबा घेऊन निघाला होता तिथपासून सांगायला लागला. उद्या सकाळी ती पुन्हा विचारणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.