तिसऱ्या हाकेचं भूत

पहिल्या सिनेमातल्या भुताला आम्ही हसलो. म्हसाच्या जत्रेत तंबू ठोकला होता, मागे तेलावरचं इंजिन धडधडत होतं. पडद्यावर विहिरीतून एक बाई वर आली. डोक्याला सुंभाचे केस, तोंडात हातभर दात. आमच्या वाडीचा काळूराम उभा राहून ओरडला, "अगो बाय, आधी तोंड धुऊन ये!" सगळा तंबू हसला.

ती बाई माणसांना हाक मारायची, पण एकदाच. त्यात नवीन काही नव्हतं. तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. भुताला तीनदा हाक मारता येत नाही, म्हणून तिसरीची वाट बघायची. किन्हवलीकडच्या वाड्यांत हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

पुढच्या साली त्याच सिनेमाचा दुसरा भाग आला. आम्ही हसायलाच गेलो होतो. या वेळी विहीर होती, रहाट होता, बाई मात्र दिसलीच नाही. नुसतं एक बंद दार. आतल्या माणसाला बाहेरून त्याच्या बायकोच्या आवाजात हाक आली. मग दुसरी आली. तंबूत कोणी हलेना. मग तिसरी हाक आली, अगदी मायेने, आणि त्या माणसाने हसत कडी काढली. पुढे काही दाखवलं नाही. उघडं दार वाऱ्याने हलत राहिलं.

बाहेर आल्यावर काळूराम म्हणाला, "ती तीनदा हाक मारायला शिकली रे." या वेळी कोणी हसलं नाही.

तेव्हापासून दिवस कलला की वाडीत दारं लागायची. कोणी कोणाला हाक मारेना. शेजारी अंगणात येऊन नुसते खोकायचे.

जत्रा उठली आणि राबाची कामं निघाली. भाताच्या रोपांसाठी पाल्याफांद्यांचा टहाळ पसरून जमीन भाजायची असते. घरधनी ऐनाच्या झाडाचा टहाळ तोडायला टेकाडावर गेले होते. अंधार पडायला आला तरी परतले नाहीत. मी भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात टेकाडाकडून हाक आली, "बारके!"

मी उठले. सासूने, गुणाबाईने, माझा हात धरला.

"थांब गो. ओ देऊ नको."

"आत्या, त्यांचाच आवाज हाय."

"त्या माणसालाबी बायकोचाच वाटला होता."

दुसरी हाक आली. मग तिसरी. एरवी तिसरीला आम्ही धावत सुटलो असतो. आत्याने दाराला अडसर घातला. शेजारी काळूरामाच्या दाराचाही अडसर वाजला. चौथी हाक आली, पाचवी आली. हाका वाढत गेल्या तशी मी दारापासून मागे सरकत गेले. मग आवाज रडवेला झाला, बारीक होत गेला. त्या टेकाडावर बिबळ्या फिरायचा. ते खरेच असले तर सकाळपर्यंत उरणार नव्हते. नसले तर दार उघडून मीच संपणार होते.

"आत्या, तुमचा पोर हाय तो."

"माझा पोर हाय म्हणून तर त्याच्याच आवाजात बोलावतंय," आत्या म्हणाली आणि रडू लागली.

मी चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि अडसर काढला.

टेकाडाच्या पायथ्याशी मी "अवो!" म्हणून ओरडले. वाऱ्यात ते विरून गेलं. भीतीने डोकं चालेना. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. लग्न झाल्यापासून मी ते तोंडातून काढलं नव्हतं. तरी ओरडले, "कमळू! अवो कमळू!"

हाका थांबल्या.

मी ओ दिल्यावर जे गप्प झालं ते माणूस नव्हे, असं मला वाटलं. पण पाठ फिरवून पळायचीही हिंमत होईना. लाकूड पुढे धरून मी चढत राहिले.

ऐनाखाली ते पडले होते. मोठ्या फांदीसकट कोसळले होते, पाय फांदीखाली अडकला होता. हातातला कोयता त्यांनी माझ्यावर उगारला.

"मागं हो! माझी बायको माझं नाव घेत नाय!"

"मी बारकी हाय."

"ती विहिरीतलीबी असंच सांगते."

"मंग तुमी कोण? एवढ्या हाका माणूस मारतो काय?"

"तुझा पाय मोडला का तूबी मारशील!"

तो राग त्यांचाच वाटला. खात्री मात्र नव्हती. मी लाकूड बाजूला ठेवलं, एक जाड दांडकं फांदीखाली घातलं आणि खांदा लावला. माझी मान त्यांच्या कोयत्यापासून हातभर लांब होती आणि कोयता वरच होता. मी डोळे मिटून जोर केला. फांदी हलली. ते किंचाळले आणि त्यांनी पाय ओढून घेतला.

माझ्या खांद्याला धरून ते लंगडत उतरले.

"कोयता टाका ना."

"वाडी येऊ दे."

घरी आलो तर आत्याने अडसर पुन्हा घातला होता. मी दार वाजवलं, दोघांनी हाका मारल्या. आतून तिचं रडणं तेवढं वाढलं. म्हणून आम्ही गप्प झालो आणि ओट्यावर बसलो. मी त्यांचा पाय लुगड्याच्या पदराने बांधला. मी जवळ सरकले की ते कोयता घट्ट धरायचे, आणि ते हलले की मी दचकायची.

उजाडायच्या सुमाराला थकून त्यांचं डोकं माझ्या मांडीवर आलं. अंग गरम होतं, श्वास नीट चालला होता. मग मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि कोयता बाजूला ठेवला.