डाव्या तोंडाची चार मिनिटं

मी बुद्धिबळाचं घड्याळ. सन दोन हजार चोवीस, माघ महिना, शिवरात्रीला चार दिवस बाकी होते, तेव्हा माझी चूक सापडली. ती सांगतो. लपवणार नाही.

मला दोन तोंडं आहेत. डावं एका खेळाडूचं, उजवं दुसऱ्याचं. एक चालतं तेव्हा दुसरं थांबतं. तास भरत आला की काटा एक लाल पातं उचलतो. तास संपला की ते पडतं. पातं पडलं की डाव गेला. तिथे रडून भागत नाही.

माझे मालक मोतीलालभाऊ, बुऱ्हाणपूरचे. नोकरी पॉवरलूमवर केली, जन्म मात्र स्पर्धा भरवण्यात घालवला. सायकलला पट बांधून गावोगाव फिरले. शहरातल्या शनवारा मोहल्ल्यात दर हिवाळ्याला बुद्धिबळाची स्पर्धा आणि दर रविवारी बॅकगॅमन. त्यात फासे असतात, म्हणून लोक जुगार म्हणाले. भाऊंनी दाराला पाटी लावली, ‘पैसा लावणाऱ्याने बाहेर बसावं.’ मग माणसं आली, लेकीसुनाही आल्या. फाशांच्या खेळात मला काम नसे. कपाटातून त्यांचा खडखडाट ऐकायचो. बरं वाटायचं.

एकोणीसशे एक्याण्णवच्या हिवाळ्यात अंतिम डावाला जैनाबादची मंगला बसली. वय एकोणीस. डावं तोंड तिचं. जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार होता आणि डाव तिच्या हातात आला होता. तिने वजिराकडे हात नेला आणि माझं पातं पडलं.

“काका, इतक्यात तास झाला नाही,” ती म्हणाली.

“घड्याळ खोटं बोलत नाही,” भाऊ म्हणाले.

मी अभिमानाने फुगलो. ती मात्र परत कधी खेळायला आली नाही.

पुढे आकड्यांची नवी घड्याळं आली. मी कपाटात गेलो. यंदा भाऊंनी मला तेलपाण्यासाठी भूपेंद्र घड्याळजीकडे नेलं. त्याने एकेक तोंड चालवून आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं.

“काकाजी, डावं तोंड तेज पळतं. तासाला चार मिनट.”

“कधीपासून?”

“पैदाइशी, जन्मापासूनच. झाकणावरची कंपनीची लाखेची मोहोर बघा ना, तशीच आहे. आत कोणाचा हात गेलाच नाही.”

माझी दोन तोंडं कधी एका वेळी चालली नाहीत, म्हणून तेहतीस वर्षं कुणाला कळलं नाही. बाकीच्यांना ती चार मिनिटं लागली नव्हती. एकीला लागली होती.

भाऊंनी मला दुरुस्त करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पट, सोंगट्या, निकालाची वही आणि मला पिशवीत घालून बसने दापोऱ्याला गेले. ते मंगलाचं सासर. ती अंगणात केळीच्या घडांची गाडी भरून घेत होती. भाऊंनी पाणीही घेतलं नाही.

“चूक माझी. तुझ्या बाजूचं घड्याळ पुढे पळत होतं. तुझी चार मिनिटं माझ्याकडे आहेत.”

“अन् आता काय करू मी त्यांचं? गाडी भरायची आहे ना, काका.”

“खेळ.”

“आई, तुम्ही बुद्धिबळ खेळता?” सून रुपालीने विचारलं.

भाऊंनी वहीत टिपलेल्या खेळ्या पाहून पातं पडलं तेव्हाचा डाव मांडला. मंगला हात पुसत आली, उभ्यानेच पाहिलं.

“हे प्यादं एक घर मागे होतं.”

“कागदावर इथंच आहे.”

“कागद तुमचाच, घड्याळ बी तुमचंच.”

भाऊंनी प्यादं मागे घेतलं. मंगला खाली बसली. तेव्हाचा प्रतिस्पर्धी आता जगात नाही. त्याची बाजू भाऊंनी घेतली.

“ढील देऊ नका.”

“आयुष्यात दिली नाही.”

भाऊंनी डावा काटा बाराला चार मिनिटं कमी असा लावला आणि मला चालू केलं. इतकं जपून मी कधी चाललो नव्हतो. रुपालीने गाडीवाल्याला हात दाखवून थांबवलं. दोन मिनिटं मंगलाने नुसतं पाहिलं. मग वजीर उचलला. भाऊ जिद्दीने लढले, कान लाल झाले त्यांचे. पाचव्या खेळीला मात झाली. माझं पातं अजून वरच होतं.

भाऊंनी वही काढली, जुन्या निकालावर रेघ मारली, ‘मंगला विजयी’ लिहिलं आणि सही केली.

“चार मिनिटं मिळाली?”

“मिळाली.”