मेलेल्यांचा फोन कोण उचलतं?

कळंबच्या कालव्याकाठी दर रविवारी एवढी माणसं लोटायची की वाटावं, कुणी साखर फुकट वाटतंय. जीपा, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, एसटीनं आलेल्या म्हाताऱ्या; बारामती, इंदापूर, पार माळेगावहून. कशासाठी? तर मेलेल्यांशी फोनवर बोलायला. १९९९ साल चाललं होतं. आमच्या तालुक्याला स्वर्गाचं टेलिफोन कनेक्शन मिळालं होतं. मी शाळामास्तर, माझा साध्या फोनचा अर्ज मात्र टेलिफोन खात्यात अजून धूळ खात पडला होता.

हे कनेक्शन आणलं हिंदुनाथ महाराजांनी. मूळचा हिंदुराव. माझा विद्यार्थी नव्हता, नाहीतर मला तोंड लपवावं लागलं असतं. मठात लाल गादीवर एक काळा फोन आणि शेजारी कर्णा. लाइनमननं येऊन सांगितलं की या फोनला खात्याची लाइन नाही. झालं, लोकांना तोच पुरावा वाटला. "मृत्यूची तारीख फिरवा, आत्मा तारखेवर हजर होतो," असं महाराज डोळे मिटून सांगायचे. आत्मा म्हणजे काय कोर्टातला आरोपी? पण तारीख फिरवली की घंटी वाजायची आणि पलीकडून घोगरा आवाज यायचा. आवाज ओळखीचा का नाही, तर वर म्हणे गारठा फार. लाइट गेली की आत्मे गप्प, कारण ती त्यांची जेवायची वेळ. आमच्याकडं लाइट जायची त्या मानानं पितर दिवसभर जेवतच असले पाहिजेत.

मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या शेजारच्या लीलाबाई तिथं जाऊन आल्या.

त्यांच्या छातीत गाठ होती. पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आत्ता काढली तर वाचाल, उशीर केलात तर आमच्या हातात काही नाही. ऑपरेशनचा दिवसही ठरला होता. त्यांचे मालक बिरदेवराव वर्षभरापूर्वी वारलेले. ते महाराजांच्या फोनवर आले आणि म्हणाले, सुरी लावू देऊ नको, महाराजांचा अंगारा लाव. बाईंनी ऑपरेशन रद्द केलं. मी समजवायला गेलो.

"सर, तुमी शिकल्यालं हाय, पर तुमाला न्हाय कळायचं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मला जन्मभर 'अगं ए' म्हणून हाक मारली. परवा फोनवर पयल्यांदा 'लीला' म्हणालं."

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि नवराही बायकोचं घेत नाही. जे ऐकताच बाईंनी ओळखायला हवं होतं की हा आपला माणूस नव्हे, त्यावरच त्या विरघळल्या होत्या. असा संताप आला मला. त्या भामट्याला हा रिवाजसुद्धा ठाऊक नव्हता, आणि त्याच चुकीनं त्याचं काम फत्ते झालं होतं.

आमच्या आळीतल्या कचरूतात्यांची मुलगी दिशा पुण्याला कंपनीत होती. इंटरनेटवरून जे फोन चालतात त्यांचं सॉफ्टवेअर ती लिहायची. सुट्टीला आली तेव्हा मी तिला सगळं ऐकवलं. तिनं एवढंच विचारलं, "सर, कुणी चुकीची तारीख फिरवून बघितलीय का?"

कुणीच बघितली नव्हती. आपल्या माणसाच्या मरणाची तारीख मुद्दाम चुकवायची हिंमत कोण करणार? महाराजांचं दुकान त्या भीतीवरच चाललं होतं.

पुढच्या रविवारी दिशा, तिची आई रंगुबाई आणि मी मठात गेलो. लीलाबाई आलेल्याच होत्या. रंगुबाईंनी पदर डोळ्याला लावला. चहा देणारा सेवेकरी गोड बोलून शेजारी टेकला आणि त्यानं चौकशी सुरू केली. मालकांचं नाव घ्यायला रंगुबाई अडल्या, ते दिशानं सांगितलं. कचरू, कारखान्यात कामाला, तंबाखूचा नाद. सेवेकरी रिकामे कप घेऊन आत गेला.

नंबर आल्यावर रंगुबाईंनी वाटेल ती बटणं दाबली. घंटी वाजली आणि कर्ण्यातून आवाज आला, "रंगू, मी कचरू. हितं सुखात हाय. तंबाखू सुटली माझी."

तेवढ्यात, ठरल्याप्रमाणं, तळहातावर तंबाखू मळत कचरूतात्या गर्दीतून पुढं आले. "कवा सुटली?" त्यांनी विचारलं. "आन मी मेलो कवा, त्ये बी सांग."

महाराज काही कच्चे नव्हते. आत्मा सदेह प्रकटला म्हणून त्यांनी जयजयकार केला आणि अर्ध्या मंडळींनी खरोखर हात जोडले. दोघी तर तात्यांच्या पाया पडायला धावल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

दिशानं मात्र गादीखालची सतरंजी उचलली, फोनची तार धरली आणि ती जाईल तिकडं चालत जाऊन मागच्या खोलीचं दार ढकललं. आत महाराजांचा मेहुणा भेळ खात बसला होता. कानावर हेडफोन, समोर कॉम्प्युटर.

"या सॉफ्टवेअरचं काम एवढंच," दिशा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दाबलेला नंबर बघायचा आणि फोन कुणाकडं पाठवायचा ते ठरवायचं. पूर्वी एक्स्चेंजमधला ऑपरेटर हेच करायचा. यात नियम लिहून ठेवता येतो. यांनी एकच लिहिलाय, कुठलाही नंबर आला तरी फोन या खोलीत." तिनं तो नियम पुसला. "मावशी, आता तुम्ही फिरवा."

लीलाबाईंनी बिरदेवरावांची तारीख दाबली. फोन मुका. त्या बराच वेळ रिसीव्हर कानाला धरून उभ्या राहिल्या. मग मेहुण्याकडं वळल्या.

"माझं नाव तुला कुणी सांगितलं?"

"चहावाल्यानं," तो पुटपुटला.

त्यांनी रिसीव्हर ठेवला. "मला वाटलं, ह्यांनीच घेतलं," म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या. महाराजांना नंतर पोलीस घेऊन गेले, पण बघायला मी थांबलो नाही. मी बाईंना घरी आणलं.

त्यांचं ऑपरेशन झालं. आता आळीत सगळ्यांवर ओरडत हिंडतात.

माझं सांगणं साधं आहे. कुणी चमत्कार दाखवला की एकदा मुद्दाम चुकीचा नंबर फिरवून बघा. खऱ्याचं त्यानं काही बिघडत नाही. आणि बाप्यांनो, जिवंत आहात तोवर घरच्या बाईला नावानं हाक मारा. ते काम भामट्यांवर सोडू नका.