एका श्वासात

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करते ती बाई म्हणजे मी. गाडी, फलाट, वेळ, सगळं एका श्वासात. अकरा वर्षं केलं. मग दर महिन्याला पाळीच्या तोंडावर चार-पाच दिवस फलाटाचा आकडा येईपर्यंत दमच संपायला लागला. पापण्या आपोआप मिटायच्या. पाळी होऊन गेली की पुन्हा ठणठणीत!

साहेब म्हणाले, "डॉक्टरांची चिठ्ठी आणा, नाहीतर दुसरी बाई बघतो."

डॉक्टरनं एका श्वासात आकडे मोजायला लावले. दिवस नेमका चांगला होता, बत्तीसपर्यंत गेले. "पाळीचा नि दमाचा काय संबंध हो, ताई?" असं म्हणून हसला मेला, आणि चिठ्ठीत लिहिलं, 'आजार नाही. नाटक.' साहेबांनी मला घरी बसवलं. नणंद तर सगळ्यांना सांगत सुटली, "आमच्या वहिनीला नाटकात काम मिळालंय!"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण रडले नाही. कॅलेंडर काढलं आणि पाळीच्या दोन दिवस आधीचा बुधवार त्याच डॉक्टरकडे मागून घेतला. बुधवारी त्याच्याभोवती विद्यार्थी असतात, हेही आधी विचारून ठेवलं होतं. जीव गेला तरी बेहत्तर, त्याची जिरवायचीच होती.

"मोजा," तो म्हणाला. अकरा.

"पुन्हा." आठ.

"पुन्हा." पाचावर माझी मान छातीवर पडली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, पाळीच्या आधी असं वाढतं का?"

"वाढतं," तो पुटपुटला. "नस स्नायूला निरोप धाडते. यांच्या स्नायूंना तो पुरता पोचत नाही. श्वासाचे स्नायूही वापरावेत तसे थकत जातात. पाळीआधी हार्मोन्स उतरले, की काहींचं आणखी बिघडतं." मग माझ्याकडे वळला. "ताई, आजच भरती व्हा. अजिबात बोलू नका."

आधी नवी चिठ्ठी लिहून घेतली: आजार खरा, औषधानं आवरेल, कामावर ठेवावं. ती पर्समध्ये टाकली आणि जुनी बाहेर काढून त्याच्यापुढे धरली. शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"नाटक," त्यानं खाली मान घालून वाचलं. विद्यार्थी बघतच राहिले.

माझ्याकडे एका शब्दापुरता दम उरला होता.

"पुन्हा," मी म्हटलं.