सातांपैकी एक

'हे पान थांबवण्यात आले आहे. पत्ता धोकादायक असू शकतो.'

स्क्रीनवरची ती लाल पाटी पाहून रक्त तपासणाऱ्या लॅबच्या मुख्य मॅडमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तपासणी यंत्राच्या कंपनीच्या नावानं आलेला ईमेल, त्यातलीच लिंक, आणि ती उघडायची नाही म्हणे! वीस वर्षांच्या अनुभवाला आता ही पाटी शिकवणार? त्यांनी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप त्याला जोडला आणि फाइल उतरवली. ती उघडली, पण आत काहीच नव्हतं. मग लॅपटॉप पुन्हा लॅबच्या नेटला जोडून त्या कामाला लागल्या. ही आडवाट आपल्यापैकी कुणी कधी वापरली नाही?

तासाभरात कॉम्प्युटरवाले काका धापा टाकत आले. "इथल्या एका कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शिरलंय. दर मिनिटाला एका वाईट साइटचा पत्ता विचारतंय."

"मग लाल पाट्या दाखवणारा तुमचा तो पहारेकरी झोपला होता का?" मॅडम म्हणाल्या.

"त्यानंच अजून थोपवून धरलंय! कुठल्याही साइटवर जायचं तर कॉम्प्युटर आधी तिचा पत्ता विचारतो. आपला तो प्रश्न बाहेरच्या एका सुरक्षा सेवेकडे जातो. साइट बदनाम असली, किंवा कालपरवाच उगवलेली आणि संशयास्पद असली, तर ती सेवा पत्ताच देत नाही. पण तिला आपली अख्खी लॅब एकच दिसते, आतले सात कॉम्प्युटर वेगळे दिसत नाहीत. आत शिरलंय त्याला दुसरी वाट सापडली तर पेशंटांची सगळी माहिती बाहेर जाईल. कोणता ते दहा मिनिटांत कळलं नाही, तर मला सातही बंद करावे लागतील."

"सातही?" रिपोर्ट तयार करणारा तंत्रज्ञ ओरडला. "ऑपरेशन थिएटरमधून रिपोर्टसाठी तीनदा फोन आलाय!"

"मग सांगा, लाल पाटी चुकवून कुणी काही उतरवलंय?"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर मॅडमनी स्वतः लावलेला कागद होता : 'चूक करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवले जाईल.' हळूहळू सगळ्यांच्या नजरा काउंटरवरच्या नव्या मुलीकडे वळल्या.

"मी नाही हो! खरंच नाही!" तिचे डोळे भरून आले.

मॅडमनी आपल्या लॅपटॉपकडे पाहिलं. एक शब्द बोलला की वीस वर्षांचा मान धुळीला मिळणार होता. नाही बोललं तर...

फोन चौथ्यांदा वाजला. तंत्रज्ञानं तो कानाला लावला. "मॅडम, पेशंट टेबलावर आहे. विचारतायत, अजून किती वेळ?"

"मी केलं! माझा लॅपटॉप आहे तो!" मॅडम म्हणाल्या.

काकांनी झडप घालून लॅपटॉप बंद केला आणि आपल्या स्क्रीनकडे डोळे लावले. एक मिनिट गेलं. दोन गेली. प्रश्न पुन्हा आला नाही. "थांबलं!" ते म्हणाले. बाकीचे सहा चालूच राहिले आणि रिपोर्ट थिएटरकडे गेला.

"मॅडम, पहारेकऱ्यानं अडवलं यात कसला अपमान?" काका शांतपणे म्हणाले. "शंका असेल तर मला फोन करा, मी तपासून सांगतो. पण चुकलेला माणूस भीतीनं गप्प बसला, तर कुठलाच पहारा पुरा पडत नाही."

मॅडमनी त्या मुलीची सगळ्यांदेखत माफी मागितली.

वाचकहो, आपल्याला अडवणारी पाटी आपल्याच भल्यासाठी असते, आणि तरीही चूक झालीच तर ती लगेच सांगण्यातच शहाणपण आहे. त्या लॅबच्या भिंतीवर आता दुसरा कागद आहे : 'चूक झाली? लगेच सांगा. कुणालाही घरी पाठवले जाणार नाही.' त्याखाली चुकांची यादी सुरू होते, आणि पहिलं नाव मॅडमचं आहे, त्यांच्याच अक्षरात.