उजाडताना

चिमट्याच्या टोकावरचा स्क्रू तिळाहून लहान, आणि तो काही केल्या चष्म्याच्या दांडीत बसेना… एरवी तिनं डोळे मिटून बसवला असता. पण आज नजर स्क्रूवर ठरत नव्हती. कारण होतं मेजाच्या कडेला पालथा घातलेला फोन. सकाळी दुकान उघडता उघडता ताईला फोटो पाठवला होता — भावोजींनीच कधीतरी सहलीत काढलेला, लांबवर पसरलेलं माळरान, नावाला झाड नाही, कडेला नुकती तांबूस रेघ — आणि खाली लिहायचं होतं ‘उजाडताना’. थंडीनं बधिरलेला अंगठा भलतीकडे पडला. गेलं ते नुसतं ‘उजाड’.

उजाड! भावोजी थंडीच्या तोंडावर गेले, तेव्हापासून ताई खोलीचा पडदा उघडत नाही, कुणाशी बोलत नाही, आणि आपण तिला कळवलं काय, तर उजाड. जसं काही तिला ते ठाऊकच नव्हतं. पुसून टाकावं, तर इथलं काहीतरी पुसलंय अशी चुगली फोन करणारच. शिवाय निळ्या खुणा केव्हाच उमटल्या होत्या. ताईनं वाचलं होतं.

“बाई,” समोर खुर्चीत ताटकळलेले निवृत्त मास्तर म्हणाले, “चष्मा माझा, आणि चाचपडताय तुम्ही.”

तिला हसू आलं, पण अर्धवटच.

भावोजींच्या फोटोत माणूस नसायचाच. धबधबा, तळं, वाकडं झाड, शेवाळलेला दगड… सगळ्यांना हातानं बाजूला सारून म्हणायचे, “सरका, तुमच्यामुळे डोंगर लाजतोय.” ताई फणकारायची — ह्या माणसाला बायकोपेक्षा दगड प्रिय. आणि आता नेमकं तेच कामी आलं होतं. ज्यात कुणीच नाही, ज्यात ते स्वतःही नाहीत, असे फोटो बिनधास्त पाठवता येत होते. रोज एक, सगळी थंडीभर, काही न विचारता. उत्तर कधीच आलं नाही. फक्त भाची एकदा म्हणाली होती, “मावशी, आई फोटो बघते, मग फोन उशीखाली ठेवते.” त्या उशीखालच्या फोनच्या भरवशावर मावशीनं अख्खा हिवाळा काढला होता. आणि खरं सांगायचं तर, रोज जेवणं आटोपल्यावर उद्याचा फोटो निवडताना तीही त्या तळ्याकाठी जरा बसून यायची. त्याशिवाय तिचा तरी दिवस कुठे सरत होता?

आज मात्र अंगठ्यानं सगळ्यावर पाणी फिरवलं. आता ती बघायचंही सोडेल…

स्क्रू बसला. कसा, ते तिलाही कळलं नाही. मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, दाराच्या काचेवरचं धुकं बाहीनं पुसून रस्ता न्याहाळला, “झकास,” म्हणाले आणि गेले.

तेवढ्यात फोन थरथरला. तिनं तो लगेच उचलला नाही. आधी चिमटा डबीत ठेवला, फडकं घडी करून ठेवलं, मग फोन सुलटा केला.

‘उजाड म्हणून हुकूम कुणाला सोडतेस? दिवसाला की मला?’

तिनं ते पुन्हा वाचलं. ही ताई होती. लहानपणी धाकट्या बहिणीच्या निबंधातल्या चुका काढून घरभर वाचून दाखवणारी, सगळ्यांना हसवणारी, छळवादी ताई. तिला हसू फुटलं, या वेळी अख्खं.

खाली एक फोटो होता. हललेला, अर्ध्यात ताईचं बोट, उरलेल्या अर्ध्यात पडद्याची कड आणि बाजूला वीतभर खिडकी — राखाडी आभाळ, समोरची गच्ची, एक तार. भावोजींनी कपाळावर हात मारून घेतला असता. ती मात्र बघतच राहिली.

उद्या पडदा पुन्हा ओढलेला असेल. असेलही. थंडी काही आज संपत नव्हती, आणि एका थट्टेनं माणूस उठून बसतो असंही नाही, हे तिला कळत होतं. तरी उद्या कुठला फोटो पाठवायचा, हा विचार आज सुचेना. सुचलं ते भलतंच — उद्या ताई काय पाठवेल?

तिनं अंगठा तोंडाजवळ धरून ऊब दिली आणि जपून एकेक अक्षर लिहिलं, ‘तिघांना.’

तिसरी कोण, असं ताई विचारेल. विचारल्याशिवाय तिला राहवायचं नाही… तिनं पुढचा चष्मा ओढला, आणि फोन या वेळी उताणा ठेवला.